मोमीन सर आणि बारावा नियम

आमच्या गावच्या यात्रा कमिटीच्या वहीत फुटबॉल स्पर्धेचे बारा नियम लिहिलेले आहेत. बाराही माझ्या अक्षरात. त्यातले अकरा आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक मोमीन सर यांनी सांगितले आणि मी लिहून घेतले. बारावा त्यांनी सांगितलेला नाही. स्पर्धा झाली तेव्हा तो नियम नव्हताच. तो मी दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफ तासाला, स्टाफरूममध्ये बसून लिहिला.

एवढ्या चार ओळी लिहायला मला दहाएक वर्षं लागली. मोमीन सरांना जाऊनही आता वर्ष होत आलं. शाळेत त्यांच्यासाठी छोटी शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं, तेव्हा घसा बसलाय म्हणून हात जोडले. घसा चांगला होता.

सर जुन्नरचे. रोज सकाळच्या एसटीनं आमच्या गावी यायचे. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. ते बूट ते दर रविवारी ओल्या खडूनं पांढरे करत. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवलेली कुणी ऐकली नव्हती. मैदानावर ते एक टाळी वाजवत. एकच. तेवढ्यानं पोरं जागच्या जागी थांबत. शिट्टी का वाजवत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दचकलेल्या माणसाला खेळता येत नाही सर."

"घाई कुणाला आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हेडमास्तरांनी निकालपत्रकं मागितली तरी तेच, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना कुणी घंटेची आठवण करून दिली तरी तेच. माझा स्वभाव नेमका उलटा. मी मराठी शिकवायचो, आणि यात्रांच्या दिवसांत बैलगाडा शर्यतीत माईकवर बोलायचो. जुन्नर-आंबेगावात निम्म्या घाटांवर माझा आवाज ओळखीचा होता. घाट म्हणजे इथं गाड्यांची चढाची धावपट्टी. बारा-तेरा सेकंदांत बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपते. तेवढ्यात गाडामालकाचं नाव, गावाचं नाव, बैलांची नावं आणि वर "झाली, झाली, भिर्रर्र झाली" एवढं सगळं तोंडातून काढायचं असतं. माझं अख्खं आयुष्य त्या सेकंदांच्या मापानं चाललं होतं.

आळेफाट्याच्या स्टँडवरची एक गोष्ट सांगतो, म्हणजे सर कसे होते ते कळेल. आम्ही दोघं कसल्याशा शिबिराहून परत येत होतो. गाडी वळली तशी सगळी गर्दी तिच्याबरोबर पळायला लागली. खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायला लागल्या. मीही रुमाल काढून पळालो. सर मात्र दहा पावलं बाजूला जाऊन उभे राहिले. गाडी थांबली, दार बरोबर त्यांच्यासमोर आलं, आणि ते शांतपणे चढून खिडकीशी बसले. शेजारची जागा माझ्यासाठी धरली. माझा रुमाल कुठल्यातरी बाईच्या मांडीखाली गेला होता.

"तुम्हाला कसं कळलं दार कुठं येणार?"

"सगळे गाडी बघतात. मी ऑईलचा डाग बघितला. गाडी रोज तिथंच थांबते."

त्यांचा संघ शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा होता. सगळे बाप्ये. कुणी आळेफाट्याला गॅरेजमध्ये फिटर, कुणी टोमॅटोच्या व्यापाऱ्याकडे, दोघं द्राक्षाच्या छाटणीला जाणारे. कप्तान सोपान दुधाचा टेम्पो चालवायचा. डेअरीत कॅन उतरवले की साडेसहाला मैदानात हजर. शाळेनं नवी इमारत बांधली आणि मैदान गेलं, तेव्हा हे लोक घाटाखालच्या सपाटीवर दगड मांडून खेळायला लागले. सराव एकच. पाचजणांनी गोल करून उभं राहायचं, दोघांनी मध्ये. बाहेरच्यांनी एकमेकांना चेंडू द्यायचा, मधल्यांनी तो हिसकायचा. ज्याच्याकडून जाईल तो मध्ये. हे तासभर चालायचं. सर बाजूनं फिरत म्हणत असायचे, "चेंडू आपल्या घरचा आहे. आल्यागेल्याला उचलून देऊ नका."

मला ते बघवत नसे. एकदा मी तसं बोललो. "सर, तुमची पोरं चांगली आहेत, पण बघणाऱ्यानं करायचं काय? इकडून तिकडं, तिकडून इकडं. गोलाकडं कुणी बघतच नाही."

ते मला घाटाच्या चढावर घेऊन गेले. खाली सामना चालला होता. "आमच्या आजोबांचा हातमाग होता," ते म्हणाले. "धोटा असाच फिरतो. इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्याच्याकडं बघत बसलं तर झोप येते. मी लहानपणी मागाशेजारी कितीदा झोपलोय. आजोबा म्हणायचे, बेटा, धोटा मत देख, कपडा देख." मग त्यांनी उजवा तळवा डोळ्यासमोर धरला आणि चेंडू जिकडे जाईल तिकडे तो हलवत राहिले, जणू ऊन झाकताहेत. "हे असं करा. चेंडू झाका आणि उरलेले बघा. ज्याच्याकडं चेंडू नाही तो काय करतोय ते बघा. एवढं एकदा करा सर."

मी हसलो. "सर, मला पलीकडच्या गावच्या घाटावर माईकवर जायचंय," म्हणालो आणि उतरलो. हात वर केला नाही. फुटबॉलचा कुठलाही सामना ते तसेच तळवा धरून बघत. गावातले लोक म्हणत, "मोमीन सरास्नी उन्हाचा लई तरास हाय." ढगाळ दिवशीही म्हणत.

मग शर्यतींवर बंदी आली. ज्याला घाटाची सवय नाही त्याला यातलं दुःख कळायचं नाही. यात्रा आली की देवाची पालखी निघायची, तमाशा व्हायचा, आणि मधली दुपार रिकामी. माझा माईक कपाटात. लोक रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत. मी कुणीतरी आहे असं मला वाटायचं, ते माईकमुळे, हे मला त्या दोन वर्षांत कळलं, आणि ते काही चांगलं वाटलं नाही.

कमिटीचे अध्यक्ष अण्णा. मोठे बागाईतदार, बोलणं मोकळं. मोमीन सर त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, घाट रिकामा आहे, यात्रेत फुटबॉलची स्पर्धा घ्या. अण्णांना पटलं. "घिऊ की. पण सर, पब्लिकला मजा आली पायजे. मजा आली तर तुमचं गोलाचं खांब कायमचं राहतील तितं. आमी ठराव करू. मैदान तुमचं. न्हाई आली तर यात्रा संपली का उपटून टाकू."

सरांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली होती. त्यांना दुसरं काही नको होतं. आपण गेल्यावरही या लोकांना खेळायला जागा असावी, एवढंच. आळेफाट्याच्या गॅरेजमध्ये सोपाननं आणि फिटरनं लोखंडी पाइप जोडून दोन गोलपोस्ट केले, पांढरा रंग दिला. ते टेम्पोतून आले, तेव्हा सर पांढऱ्या बुटांनिशी मागच्या हौद्यात पाइप धरून उभे होते. लग्नाच्या वरातीत असावेत तसे.

नियम आम्ही स्टाफरूममध्ये लिहिले. ते सांगत, मी मराठी नीट करून वहीत उतरवी. अकरा झाले. "आणखी?" मी विचारलं. "पुरे," ते म्हणाले. "जास्त नियम झाले की पंच खेळतात."

स्पर्धेत आठ संघ आले. सरांचा संघ दोन सामने जिंकला आणि लोक वैतागले. याचं कारण मी प्रामाणिकपणे लिहितो. समोरच्या संघाला चेंडू मिळतच नसे. सोपानचे लोक तो एकमेकांत फिरवत राहायचे, मागं द्यायचे, पुन्हा बाजूला. समोरचे पळून पळून दमायचे, आणि मग कुठंतरी एक फट पडायची, तिथून कुणीतरी अलगद आत जायचा आणि गोल व्हायचा. तोवर निम्मं पब्लिक भजी खायला गेलेलं असायचं. चढावर बसलेले म्हातारे ओरडायचे, "आरं मारा की राव! तांदूळ निवडाय बसलाय व्हय?" एकजण म्हणाला, "आमची म्हातारी गवार मोडती ती बी ह्यांच्यापरीस जोरात मोडती." फक्त सोपानच्या आईनं मला सांगितलं, "मला तर लई ग्वाड वाटलं, गुरुजी. कुणाला लागलं न्हाई, कुणी पडलं न्हाई. वाऱ्यानं ज्वारी हलती तसं समदी हलत व्हती." मी मान डोलावली आणि विसरलो.

अंतिम सामना आंबेगावकडच्या एका संघाशी होता. ते लोक जोरात खेळणारे, लांबून मारणारे. पहिल्या अर्ध्यात सोपाननं गोल केला. एक-शून्य. दुसऱ्या अर्ध्यात सोपानच्या लोकांनी चेंडू घरात ठेवला तो ठेवलाच. माईकवर मला बोलायला काही सुचेना. घाटावर पाच हजार लोक असोत की पाचशे, ते गप्प झाले की मला राहवत नाही. शिट्ट्या सुरू झाल्या. दोघेचौघे उठून निघाले. तेव्हा मी चेष्टेनं पास मोजायला लागलो. "एक... दोन... तीन..." लोक हसले. मला हुरूप आला. "सात... आठ..." लोकही मोजायला लागले. उठलेले परत बसले. पंधराला तर अख्खा घाट एका सुरात ओरडत होता. कितीतरी दिवसांनी लोक माझ्या आवाजाबरोबर होते.

मोमीन सरांनी एकदाच मंचाकडे बघितलं. तळवा खाली आला होता.

आमच्याकडे माईकवाल्याकडे चिठ्ठ्या येतात. पुढच्या बारीला अमक्याकडून फेटा, तमक्याकडून शाल. त्या जशाच्या तशा वाचायच्या असतात. चिठ्ठी आली की वाचायची, ही माझी वीस वर्षांची सवय होती. मोजणी चालू असताना अण्णांची चिठ्ठी आली. "पंचवीस पास झाले की बॉल दुसऱ्या पार्टीला. नियम म्हणून सांगा." मी ती वाचली. पण जशी होती तशी वाचली नाही. माझ्या चांगल्या मराठीत वाचली. "स्पर्धेच्या नियमावलीनुसार, सलग पंचवीस पास झाल्यास चेंडू विरुद्ध संघास देण्यात येईल. पंचांनी नोंद घ्यावी."

पंच बाहेरगावचे होते. त्यांना वाटलं, असेल. पंचविसाव्या पासला त्यांनी शिट्टी फुंकली आणि चेंडू उचलून समोरच्यांना दिला. सोपान दोन्ही हात पसरून उभा राहिला. तेवढ्यात लांबून फटका बसला आणि गोल झाला. घाटावर टोप्या उडाल्या. त्यानंतर आमच्या लोकांची हिंमतच गेली. चेंडू पायात आला की अख्खा घाट मोजायला लागायचा, आणि घाबरून ते तो लांब टोलवायचे. जे कधी केलं नव्हतं ते करायला लागले. शेवटी दोन-एकनं हरले.

सर मंचापाशी आले. कपाळाला धूळ लागलेली. "सर, तेवढा नियमाचा कागद दाखवता?"

"वही ऑफिसात आहे," मी म्हणालो. वही माझ्या पिशवीत होती.

सोपाननं लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या मंडपात बैठक ठरली. अण्णांचा सकाळीच फोन आला. "गुरुजी, वहीत आसंल ना ते?" मी "बघतो" म्हणालो. अकराव्या नियमाखाली दोन बोटं जागा मोकळी होती. बाहेर सर सातवीच्या मुलांची कवायत घेत होते, त्यांची टाळी मला ऐकू येत होती. लिहायला दोन मिनिटं लागली असतील. अक्षर छान आलं.

बैठकीत वही उघडली. अण्णांनी ती सरांपुढे सरकवली. "सर, नियम तुमीच सांगितलं व्हतं ना?"

सरांनी चष्मा लावला. एकेक नियम वाचत खाली आले. बाराव्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथंच राहू दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अकरा नियम निळ्या शाईत होते, बारावा काळ्या. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नाही. सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघत होतो.

"अक्षर मराठीच्या सरांचं आहे," ते म्हणाले. "सरांच्या अक्षराला मी काय म्हणणार?"

सोपान उसळून उठला. "सर, आवो पर तुमी तर आमाला..." सरांनी एक टाळी वाजवली. तो बसला.

लोकांना मजा आली ती मोजण्याची, खेळाची नव्हे, असं म्हणून अण्णांनी तिसऱ्या दिवशी खांब उपटले. सोपाननं मला पुढं कधी रामराम केला नाही, पण एकदा दारू पिऊन घरी आला आणि उंबऱ्यात उभा राहून बोलला. "मी सरास्नी इचारलं, का गप बसला? तर म्हणं, त्या मानसानं तीस वर्सं पोरांना लिवायला शिकवलंय, त्याला गावाम्होरं खोटं लिवलं म्हनून उभा करू व्हय? आसं म्हनलं ते, गुरुजी. मी आसतो तर केला आसता उभा." आणि निघून गेला. बायकोनं विचारलं, काय म्हणत होता? मी म्हणालो, प्यायलाय.

त्यानंतर दोन वर्षं मी आणि सर एकाच स्टाफरूममध्ये बसलो. ते माझ्यासाठी चहा सांगत. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी रोज चौकशी करत, आणि दवाखान्यात डबा घेऊन दोनदा आले. त्या विषयावर अवाक्षर नाही. ते भांडले असते तर मी काही उत्तर दिलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. एवढा एकच फरक झाला. फुटबॉल सुटला आणि ते शिट्टी वाजवायला लागले. कवायतीला उभं राहून, एक-दोनच्या तालावर, फुर्र फुर्र. ती ऐकली की वर्गात माझा खडू थांबायचा.

पुढं शर्यती पुन्हा सुरू झाल्या. मंचाच्या मंडपाला ते पांढरे पाइप लावले होते. त्यातल्याच एकाला टेकून मी आणखी तीन यात्रा बोललो. मग बंद केलं. लोक म्हणाले, वय झालं. ते कारण बरं होतं.

आता गुडघ्यांमुळे घरीच असतो. टीव्हीवर परदेशातले सामने लागतात. त्यांतही काही संघ असेच, चेंडू सोडायलाच तयार नाहीत. आणि वादही तेच. कुणी म्हणतं ही कला आहे, कुणी म्हणतं झोपेची गोळी. खरं सांगायचं तर मलाही अजून कंटाळा येतो. पंधरा मिनिटांत डोळा लागतो. हे अशासाठी लिहितो, की मला उशिरा शहाणपण आलं, असं कुणाला वाटू नये. तो खेळ कंटाळवाणा असेल किंवा सुंदर असेल. ते ठरवायला त्या लोकांना मैदान आणि उरलेली वीस मिनिटं मिळायला हवी होती. ती मी काढून घेतली.

कमिटीला मी तसं लेखी दिलं आहे: नियम अकराच होते, बारावा मी मागाहून लिहिला, आणि सोपानचा संघ कुठल्याही नियमानं चुकलेला नव्हता. अण्णा आता बाजेवरच असतात. कागद बघून म्हणाले, "गुरुजी, आता कशाला उकरता? त्या वहीला वाळवी लागली आसंल." वहीला वाळवी लागलेली नाही. मी बघून आलो. काळी शाई तेवढी जास्त टिकली आहे.

सरांना मी शेवटचं बघितलं, ते वारण्याच्या आदल्या वर्षी. मी नाशिककडच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. गाडी आळेफाट्याला थांबली होती, कंडक्टर चहाला गेला होता. स्टँडच्या पलीकडे गॅरेजच्या मागं मोकळी जागा आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथं पाच-सहा माणसं, कपडे ऑईलनं काळे झालेले, गोल करून चेंडू फिरवत होती. मध्ये दोघं. त्यातला एक पोट सुटलेला सोपान होता. आणि कुंपणाशी सर उभे होते. बूट पांढरे, उजवा तळवा वर.

क्षणभर मला वाटलं, ते मला हात करताहेत. मीही हात वर केला, आणि मग ओशाळून तो तसाच काचेवर ठेवला. ठेवला तो नेमका चेंडूवर आला. चेंडू इकडे गेला, मी हात इकडे नेला. चेंडू तिकडे गेला, तिकडे नेला. आयुष्यात पहिल्यांदा मी तसं बघितलं. बाकीचं मला फार काही कळलं नाही. पण सर दिसले. त्यांच्याकडे कुणी चेंडू देणार नव्हतं, ते खेळातही नव्हते, तरी प्रत्येक पासबरोबर ते कुंपणाच्या बाहेर अर्धं पाऊल सरकत होते. इकडे अर्धं, तिकडे अर्धं. कुणाला तरी जागा करून देत असल्यासारखे.

गाडीला अजून दहा मिनिटं होती. दार उघडं होतं. उतरावं, जाऊन तेवढं सांगावं, असं वाटलं. मी पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर आला, त्यानं घंटी मारली. गाडी वळेपर्यंत मी काचेवरचा हात काढला नाही.